पिकलेली पपई

आई चिंचपाड्याच्या दवाखान्यात होती, तेव्हा पपईशिवाय तिला काही गिळवत नव्हतं. मी रोज फाटकासमोरच्या म्हाताऱ्या पपईवाल्याकडे जायचे. प्रत्येक फळाच्या देठाजवळ तो अंगठा हलकेच टेकवायचा. कडक पपया फोनवर मागवणाऱ्या हॉटेलांसाठी चढ्या भावानं बाजूला पडायच्या. पिकलेल्या गाडीवर राहायच्या आणि ऊन चढेल तसा तो त्यांचा भाव उतरवत जायचा.

एका दुपारी हायवेवरच्या हॉटेलातून फोन आला. ज्यूससाठी त्यांना सगळाच माल हवा होता, पिकलेलासुद्धा, दुप्पट भावानं.

"कच्चा लई जा. पिकेल नही देसू," तो म्हणाला.

यापुढे तुझा माल बंद, असं पलीकडचा माणूस ओरडला. ते मलाही ऐकू आलं.

"द्यायचा होता, बाबा," मी म्हटलं. "रोजचं गिऱ्हाईक गेलं."

माझी पपई निवडता निवडता तो म्हणाला, "त्यासले उद्या बी चाली, ताई. तुन्ही मायले आजच खावानं शे."

त्या संध्याकाळी आईनं चार फोडी खाल्ल्या आणि आणखी एक मागितली. दुसऱ्या दिवशी तिला पाणीही गिळवेना.