दारू सोडल्याबद्दल सत्कार

आमच्या पांढुर्ण्यात कशाचाही सत्कार होतो. कुणी बदलून आलं, कुणी बदलून गेलं, की शाल-श्रीफळ तयार. जिल्हा झाल्यापासून तर पाहुणे वाढले, माईक वाढले. हे सगळं मी हसण्यावारी नेत असे. पण दारू सोडली म्हणून या लोकांनी माझ्या नवऱ्याचा सत्कार केला, तेव्हापासून शाल दिसली की माझं डोकं फिरतं.

नवऱ्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, मी शाळेत शिकवते. त्याची दारू घरात काय काय करून गेली ते सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात असते त्यांना ठाऊक आहे. आधी भासऱ्यांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, त्याला जामसांवलीला नेऊन मारुतीपुढे शपथ घ्यायला लावली. शपथ पोळ्यापर्यंत टिकली. मग दवाखाना झाला. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी शरीर सावरेल, मनासाठी त्याला त्याच्यासारख्या माणसांत बसवा. विचारता विचारता गावातल्या एका मंडळाचा पत्ता लागला.

मंडळ रविवारी मंगल कार्यालयात बसायचं. अध्यक्ष निवृत्त अधिकारी. आपण जन्मात थेंब घेतला नाही, हे ते दर बैठकीत न चुकता सांगायचे. ते बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचं. तरी नवरा जायचा, कारण मागच्या रांगेत दोघे-तिघे त्याच्यासारखेच होते. बैठक सुटल्यावर फाटकापाशी उभं राहून त्यांचं जे बोलणं व्हायचं, त्यावर त्याचा आठवडा निघायचा. अख्खा हिवाळा त्याने घेतली नाही. संध्याकाळी वेळेवर घरी येऊन मुलीसोबत जेवायला बसायचा. आम्हाला एवढंच हवं होतं.

मग अध्यक्षांच्या डोक्यात वार्षिक कार्यक्रम शिरला. नवरा नको म्हणाला, मीही नको म्हणाले.

"समाजापुढे आदर्श पाहिजे न," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हीच मागं सरले तर कसं चालन?"

स्टेज, हार, बॅनरवर नवऱ्याचा फोटो. निवेदक माईकवर सांगून राहिला, हे पहिले नालीत पडून राहत होते, आज पाहा. टाळ्या पडल्या. समोर दुकानाचे गिऱ्हाईक होते, माझ्या शाळेतल्या मुलांचे आईबाप होते. आमची मुलगी मान खाली घालून बसली. आणि नवरा शाल पांघरून हसत उभा. तिथेच उठून तो माईक बंद करावा, असं मला वाटलं.

फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर गेला. लोक खत घ्यायला नाही, त्याला बघायला दुकानात येऊ लागले. "काय भाऊ, सुटली म्हणते? बिलकुलच नाही काय घेऊन राहिले आता?" त्याच आठवड्यात तो पिऊन घरी आला.

मंडळात परत जा म्हटलं, तर म्हणाला, "कोणत्या तोंडानं जाऊ? शाल घेऊन बसलो न मी."

मग मीच अध्यक्षांच्या घरी गेले. "बाई, आमच्या मंडळाची इज्जत गेली," ते म्हणाले. "काही दिवस त्यांना पाठवू नका." ताप उतरला की मग दवाखान्यात या, असं कुणी पेशंटला सांगतं का, मी विचारलं. तर म्हणे, तुम्ही रागात आहात. होतेच. अजून आहे. पडलेल्या माणसाला हात द्यायला ही मंडळी जमली होती, आणि तो पडला तर यांनी आधी बॅनर उतरवला.

फाटकापाशी बोलणाऱ्यांपैकीच एकाने रामाकोन्याच्या बैठकीचं सांगितलं. सौसरला बस बदलून जावं लागतं. एक साधी खोली, खाली सतरंजी. अध्यक्ष नाही, भाषण नाही, नावही कुणी विचारत नाही. ज्याची पाळी तो चहा करतो. घरच्यांना अधूनमधून बसू देतात, म्हणून एका रविवारी मीही भिंतीला टेकून बसले होते. तोवर कित्येक रविवार नवरा नुसता चहा पिऊन परत येत होता. त्या दिवशी बोलला.

"सत्काराच्या दिवशीच घेतली मी. हॉलमधून सरळ दुकानाच्या गोदामात गेलो. शाल अंगावरच होती. टाळ्या वाजल्या न, तवाच समजलं मले, आता पडलो तर कोणालेच सांगता येणार नाही."

मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्याच्या शेजारचा संत्र्याच्या बगीच्यावाला थोडा सरकून बसला. "मी मंगळवारी घेतली भाऊ," तो म्हणाला. "चहा घ्या."

नवरा आता दर रविवारी रामाकोन्याला जातो. मधे एकदा पडला, ते त्याने मला स्वतः येऊन सांगितलं. त्यानंतर घेतलेली नाही. ही बातमी अध्यक्षांपर्यंत पोचली असावी. परवा मी दुकानात असतानाच त्यांचा फोन आला. यंदाच्या कार्यक्रमात तुमचं नाव घेऊन राहिलो, झालं गेलं विसरून जा.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "साहेब, दुसऱ्या दिवशी पडलो तर चहाले बोलवाल काय?"

आणि फोन ठेवून तो गिऱ्हाइकाचं बियाणं मोजायला लागला.