दाढीखालचा चेहरा

आर्डिस हॅल्वर्सन तळघरात उतरायची ती फक्त कपडे धुवायला, आणि तेव्हाही उजवीकडच्या भिंतीकडे पाठ करून. त्या भिंतीला टेकून प्लायवूडच्या दोन फळ्या उभ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये तिच्या नवऱ्याने काढलेलं एक चित्र दाबून ठेवलेलं होतं. व्हर्लिन गेल्यावर तिने त्याचे ब्रश वाटून टाकले, शर्ट चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीला दिले, पण त्या फळ्यांना हात लावला नाही. तिच्या लेखी ते चित्र नव्हतंच. तिथे तिचा दीर होता.

दीर म्हणजे ओरिन. लाल दाढीचा, दार उघडायच्या आधीच ज्याचं हसणं घरात शिरायचं असा. विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात तळं गोठलं की लोक बर्फावर लाकडी टपऱ्या नेऊन ठेवतात आणि भोक पाडून मासे धरत बसतात. शिवाय दर हिवाळ्यात एक भंगार मोटार बर्फावर उभी करतात आणि ती कधी बुडेल यावर पैजा लावतात. त्या वर्षी मार्च उजाडला तरी मोटार ताठ उभी होती. ऊन छान पडलं होतं. ओरिनने आपला जाड कॅनव्हासचा कोट भावाच्या मागच्या पडवीत खिळ्याला अडकवला आणि म्हणाला, "एवढं लोखंड पेलतंय, मग मी काय त्याहून जड आहे?"

मोटारीखालचा बर्फ खरंच जाड होता. ओरिनच्या टपरीपाशी मात्र तळातून झरा येत होता, आणि तिथला बर्फ आतून केव्हाच खाल्ला गेला होता.

पाणी मोकळं झाल्यावर व्हर्लिन आणि गावातले पुरुष होड्या काढून त्याचा देह शोधायला गळ टाकत फिरले. आर्डिसचं तेव्हा पोट पुढे आलेलं, तिचा स्वतःचा कोट मिटत नव्हता. दिवस कलला की ती ओरिनचा कोट चढवायची आणि कंदील घेऊन धक्क्यावर उभी राहायची, होड्यांना किनारा दिसावा म्हणून. ओरिन सापडला नाही. सासू मार्गिट पास्टरला म्हणाली, "देह आणा, मग कबरीवर दगड बसवते." दगड कधीच बसला नाही.

व्हर्लिन पाट्या रंगवणारा माणूस. खाटकाची पाटी, बँकेची पाटी, होड्यांवरची नावं. त्याच वर्षी गावातल्या काही मंडळींनी एक नवाच खेळ काढला. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि मनातल्या मनात अंधाऱ्या भुयारात उतरायचं. त्यांच्या पुस्तिकेला मुखपृष्ठ हवं होतं, भुयाराच्या तोंडाशी उभ्या असलेल्या वाटाड्याचं. व्हर्लिनने बायकोला ओरिनचा कोट घालून, हातात कंदील देऊन तळघरात उभं केलं. अंग त्याच्याकडे, तोंड तेवढं भिंतीकडे वळवून.

"आणि चेहरा रे?" तिने विचारलं होतं.

"चेहऱ्याचं माझं मी बघतो."

पुढे दोन-तीन दिवस ती जिन्याच्या वरच्या पायरीवरून ऐकायची, तो खाली एकटाच कागदाशी बोलायचा. "थांब, हलू नकोस. येतोच मी, येतोच." भावाशी बोलतोय असं वाटून ती दार हळूच ओढून घ्यायची.

छापून आलेली पुस्तिका टेबलावर पडली तेव्हा तिने ती उजेडाकडे वळवली. तोच कोट, तोच कंदील, आणि टोपीखाली भरघोस दाढी. मार्गिटने पुस्तिका उचलली, दाढीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आला माझा पोरगा." मरेपर्यंत तिने ती उशाशी ठेवली. व्हर्लिन हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही, कॉफी ओतून घेऊन मागच्या दाराने निघून गेला. घरात मग सगळे तसंच धरून चालले.

खेळ भलताच पसरला. वाटाड्या लोकांच्या शर्टावर आला, कपांवर आला. पेट्रोल पंपावर कुणा अनोळखी पोराच्या छातीवर तो दिसला की आर्डिसला वाटे, दीर समोरून गेला आणि आपल्याशी बोलला नाही.

अशी चाळीसेक वर्षं गेल्यावर गावच्या वाचनालयातली जोलीन तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. या खेळाचं प्रदर्शन भरवायचं तिच्या डोक्यात होतं. शेजारीण बेव्ह आधीपासून टेबलाशी होतीच, ती नसती तर आर्डिसची कॉफी कधी संपलीच नसती.

"मिसेस हॅल्वर्सन, रागावू नका," जोलीन म्हणाली. "वाटाड्या बाई आहे का हो?"

"आता दाढीवाल्या बायका का?" बेव्ह म्हणाली. "मला एक माहितीये. रोज सकाळी आरशात भेटते."

"गप गं. मला आर्डिस म्हण, पोरी. आणि कशावरून म्हणतेस?"

जोलीनने पुस्तिका उघडून सरकवली. "सगळे आजवर दाढीच बघत आले. खाली बघा ना. कोट दुसऱ्या कुणाचा आहे, खांद्याची शिवण पार दंडावर उतरलीये. आणि एवढ्या ढगळ कोटाची बटणं पोटाशी मात्र ताणलीयेत. कमरेत बाक बघा. या बाईला सातवा तरी लागलाय!"

"सातवाच होता," आर्डिस म्हणाली. "अंगाने मीच उभी होते. पण चित्र ओरिनचं आहे."

"असं ते म्हणाले?"

आर्डिसने टेबलावरचा एक कण बोटाने टिपला. "म्हणायला कशाला हवं?"

"दाढीची रेघ वेगळी आहे हो. बाकीच्या चित्रावर ती तरंगल्यासारखी वाटते. मूळ चित्र असेल तर—"

"आहे. खाली."

जोलीनचे डोळे चमकले. आर्डिसने पुस्तिका तिच्याकडे परत सरकवली.

"हे बघ, बाई आहे असं लिहिलंस तर तुझ्या वयाच्या मुली खूश होतील. मलाही काही वाईट वाटणार नाही. पण मग तो जाईल कुठे? कबरस्तानात त्याचं नाव नाही. त्याला या जगात जागा आहे ती तेवढीच."

जोलीनने पुस्तिका मिटून पिशवीत ठेवली. "मग राहू दे. मी म्हातारा वाटाड्या असंच लिहीन." आणि खरोखरच उठली, कोट घालू लागली.

तिने हट्ट धरला असता तर आर्डिस तिला दारापर्यंत पोचवून आली असती. पण पोरगी मुकाट्याने बटणं लावत होती.

"तुला भीती कसली वाटते गं?" बेव्हने विचारलं. या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "तो तिथे असेल याची, का नसेल याची?"

आर्डिसने हात पुसले. "चला."

तिघी खाली उतरल्या. वरच्या लहान खिडकीतून बर्फाचा पांढरा उजेड येत होता. जोलीनने फळ्या सोडवल्या. कागदावर एक पातळ पारदर्शक फिल्म चिकटवलेली होती. पिवळी पडलेली चिकटपट्टी हात लावताच भुगा होऊन पडली. फिल्म उचलली तशी दाढी तिच्याबरोबर वर गेली. अख्खी दाढी, मिशांसकट. खाली टोपीमध्ये एक तरुण बाई होती. केसांची ओली बट गालाला चिकटलेली, तोंड हाक मारताना उघडलेलं, डोळ्यांत अशी भीती की बघणाऱ्याने मागे सरावं.

"ही कोण?" आर्डिसने विचारलं.

"असं काय करतेस?" बेव्ह म्हणाली. "भुवईवरचा व्रण बघ. तू आहेस."

आर्डिसने तो चेहरा कधी पाहिलाच नव्हता. तो घरातल्या आरशातला नव्हता. धक्क्यावर उभ्या असलेल्या बाईचा तो चेहरा फक्त पाण्यावरून दिसला असता. होडीतून दिसला असता. येतोच मी, येतोच, असं ओरडत वल्ही मारणाऱ्या माणसाला दिसला असता.

"दाढी कंपनीने मागितली असणार," जोलीन हळूच म्हणाली. "बाईमागून भुयारात कोण जाईल, असं म्हणाले असतील. आणि दाढी काढायची तर त्यांच्या हाताला बसलेली तीच होती, भावाची. पण पांढऱ्या रंगाने चेहरा बुजवायला किती वेळ लागला असता?"

"काहीच नाही. बँकेच्या पाटीवरचं चुकलेलं अक्षर तो बोलता बोलता बुजवायचा."

"चेहऱ्याला त्यांनी धक्का लावला नाही. दाढी नुसती वरून ठेवली."

जोलीनला वाटलं, म्हातारी आता रडेल, नाहीतर हसेल. नवऱ्याने एवढं जपलं होतं! पण आर्डिस स्वतःच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. ती टोपीची कड, गळ्याखालची सावली, कंदिलाचा उजेड, सगळं बोटाच्या टोकाने चाचपत होती, अंधारात सुई शोधावी तसं. मग तिने फिल्म घेतली आणि खिडकीसमोर धरली. दाढी हवेत लटकली. तिच्यातून पलीकडचं कपडे धुवायचं यंत्र दिसत होतं.

"मार्गिट इतकी वर्षं मला उशाशी घेऊन झोपली," ती म्हणाली. मग फिल्म जोलीनच्या हातात देत, "लिही. बाई आहे म्हणून लिही. जे आहे ते आहे."

त्यानंतर तळघर नुसतं तळघर झालं. ती आता खुशाल उजवीकडे बघायची, तिथे भिंत असायची. स्वयंपाकघराच्या खिडकीचं मात्र काहीतरी बिनसलं. त्या खिडकीतून तिने उभा जन्म तळं पाहत भांडी घासली होती. ओरिन घरात आहे म्हटल्यावर तळं नुसतं तळं होतं. आता थंडी वाढली की बर्फ आतून घुमायचा, लांबवर कुणी जड कपाट ओढावं तसा, आणि तिच्या हातातली बशी तशीच राहायची. बेव्ह म्हणाली, पडदा लाव. तिने लावला, आणि मग पडद्यामागून जास्तच ऐकू येऊ लागलं.

प्रदर्शन जानेवारीत भरलं. एका चौकटीत चित्र, शेजारच्या चौकटीत एकटी दाढी. खाली पाटीवर व्हर्लिनचं नाव आणि आर्डिसचं नाव. मुली चित्राशेजारी उभं राहून फोटो काढत होत्या. एकीने आर्डिसला मिठीच मारली. जोलीनच्या आईने चीजचे तळलेले तुकडे आणले होते, ते भराभर संपत होते.

पन्नाशीच्या आसपासचा एक माणूस मात्र कोट न काढता उभा होता. आत विटका शर्ट, त्यावर तोच दाढीवाला वाटाड्या. "तुम्हीच का त्या?" त्याने विचारलं. "मी डुएन कोल्बी. माझे वडील गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्या हिवाळ्यात माझ्याबरोबर हा एवढाच एक माणूस होता. आता या पोरी सांगतात, तो माणूसच नव्हता, बाई होती. मग मी काय मूर्ख होतो?"

"नाही हो."

"मग खरं सांगा. तुमच्या नवऱ्याच्या मनात तोच होता ना? हे बाईबिई सगळं मागाहून चिकटवलंय."

हो म्हणणं सोपं होतं. तिच्या शब्दावर उलट बोलणारं कुणी उरलं नव्हतं, आणि त्याचे डोळे तेवढंच मागत होते. तिचेही कित्येक वर्षं तेवढंच मागत आले होते.

"माझ्या घरातही होता तो," ती म्हणाली. "माझा दीर. आम्ही सगळ्यांनी त्याला तिथेच धरून ठेवला होता."

"मग?"

"मग दाढी उचलून बघितली."

डुएन दुसऱ्या चौकटीसमोर गेला. काचेत त्याचाच चेहरा दिसत असणार, कारण तो जरा बाजूला सरकला. "यात तर काहीच नाही."

"नाही."

"मग तो आहे कुठे?"

वाचनालयाची मोठी खिडकी तळ्याकडे होती. बाहेर सगळं पांढरं, टपऱ्या ओळीने उभ्या, माणसं मुंगीएवढी. बर्फ घुमला, आणि फोटो काढणाऱ्या मुली क्षणभर थांबून पुन्हा हसल्या.

"तिथे," आर्डिस म्हणाली. "पहिल्यापासून तिथेच आहे."

डुएनने एक खुर्ची ओढून तिच्यासाठी खिडकीशी ठेवली आणि स्वतः तिच्या बाजूला उभा राहून बाहेर बघू लागला.