काळ्या पडद्यावरची ओळ

साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की माजलगावच्या वाऱ्याला मळीचा आंबूस वास येतो, आणि मला सुनीता आठवते. पोटात अजूनही तसंच दुखतं.

कारखान्याच्या वजनकाट्यावर मी जुना ऑपरेटर, ती नवी, ऊसतोड्याची लेक. हंगामाच्या पहिल्या दिवशी, मोळीपूजनाच्या सकाळी काट्याचा संगणक सर्व्हरला जोडेना. उसाच्या बैलगाड्या फाटकापर्यंत तुंबल्या. मी संगणक दोनदा बंद-चालू केला आणि साहेबांना सांगितलं, "सर्व्हर गेलाय. पुण्याहून माणूस बोलवा."

"भाऊ, आधी तपासू का?" म्हणत सुनीतानं संगणकावर कमांडचा काळा पडदा उघडून सर्व्हरला हाक मारणारी एकच ओळ टाईप केली. तिच्या बोटांवर कोयत्याचे जुने वण होते. उत्तर आलं नाही. मग तीच ओळ तिनं ऑफिसातल्या संगणकावर टाईप केली, तिथं लगेच आलं.

"सर्व्हर चालू हाय. हितंच कुठंतरी तुटलंय."

वायर धरत ती टेबलाखाली वाकली. नेटवर्कच्या डब्याचा प्लग काढून तिथं कुणीतरी पूजेच्या लायटिंगचा खोचला होता. तो सकाळी घाईत मीच खोचला होता; लायटिंग लावताना तिनं मला पाहिलं होतं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, प्लग बदलला आणि साहेबांना म्हणाली, "प्लग ढिला झालता."

सगळे तिचं कौतुक करत राहिले. तिनं मला झाकलं, हेच मला जास्त झोंबलं.

आता ती मोठ्या शहरात असते. मी काट्यावरच आहे. परवा जोडणी अडली, तेव्हा मी तीच ओळ टाईप केली. नवे साहेब म्हणाले, "वा! कुणी शिकवलं?"

"माझं मीच शिकलो," मी म्हणालो.