थापाड्याचं बरं होणं

कुस्तीच्या मैदानात माईकवरून पैलवान पुकारणं हा माझा धंदा नव्हता, माज होता. आमचं गाव शिराळ्याच्या बाजूला. मी बोलायला लागलो की वारणेपलीकडच्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या म्हशी दूध चोरतात, असं मीच सांगायचो आणि गाव माना डोलवायचं.

मग नव्वद सालानंतर डोक्यात फरक पडला. देवळावरचा कर्णा बंद असला तरी माझं नाव घेऊन बोलू लागला. थोरल्या भावानं दिलेली भाकरी मी आधी कुत्र्याला घालून बघायचो. एकदा उसात लपून बसलो तेव्हा अर्ध्या गावानं मला शोधून काढलं. सांगलीच्या दवाखान्यात ह्या सगळ्याला नाव मिळालं, स्किझोफ्रेनिया. एवढं दणदणीत नाव एखाद्या पैलवानाचं असतं तर पुकारायला काय मजा आली असती!

गोळ्यांनी कर्णा दबला, पण जीभही दबली. भिंतीला टेकवलेल्या सायकलीसारखा मी ओट्यावर बसून राहायचो, आणि येणारेजाणारे म्हणायचे, "लय गुणाचा झाला बघा आता." असलं कौतुक शत्रूचंही होऊ नये.

पुढं गोळी कमी झाली, जीभ सुटली, आणि घरात घबराट पसरली. आमच्या कोंबडीनं फणसाएवढं अंडं दिलं, असं मी म्हणालो की वैनी दादाकडे बघायची आणि दादा गोळ्यांच्या डबीकडे.

अशात यात्रा आली. पंचमंडळी मला माईक द्यायला तयार होती. दादा अडून बसला. "डॉक्टरीणबाई पुरता बरा म्हणू देत, मगच."

एसटीनं सांगली गाठली. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं घेतला आणि एकेक प्रश्न विचारून खुणा करू लागल्या.

"आपल्या अंगात काही विशेष शक्ती आहे, असं वाटतं?"

"हाय की! मी एकदा शिट्टी मारली तर शिरवळला ट्रक थांबलं."

दादानं कपाळावर हात मारला. बाईंनी खूण केली.

"आवाज येतात अजून?"

"येत्यात की. पण आता त्यास्नी सांगतो, जरा थांबा, माणसं बसल्यात."

पुन्हा खूण. बाई म्हणाल्या, "सुधारणा आहे. पण पूर्ण म्हणता येणार नाही."

दादा उठलासुद्धा. मी खुर्ची सोडली नाही.

"आवं बाई, आजारात मी एक तरी थाप मारली का, विचारा ह्याला. एक न्हाई! जे बोललो ते खरं मानून बोललो. भाकरीत विष हाय म्हणालो ते खरंच मानत हुतो. तवा समोरचा हसतोय का रडतोय, दिसतच नव्हतं मला. आता फणसाएवढं अंडं म्हणतो आन पयलं ह्याच्या तोंडाकडं बघतो, हसला का न्हाई. तुमच्या कागदात ह्या बघण्याला जागा हाय का?"

बाईंनी कागद खरोखर चाळून बघितला. "नाही," त्या म्हणाल्या. "पण गोळी बंद करायची नाही."

"करत न्हाई. पण मुकाबी बसत न्हाई."

त्या दादाकडे वळल्या. "माईकला माझी बंदी नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

दादानं ठरवलं ते असं: माईक माझ्या हातात, पण मशिनच्या बटणावर बोट त्याचं. थाप मारली की आवाज बंद.

मैदान माणसांनी फुललेलं. पहिल्या जोड्या मी नाव, गाव, वजन अशा सरळ पुकारल्या. कडेच्या झाडावरून कोणीतरी ओरडलं, "आवं, मयताची बातमी सांगताय का कुस्ती?"

ते मला लागलं. पुढचा पैलवान लांग कसत आखाड्यात उतरला आणि मी माईक ओठाला लावला. "ह्या गड्याला नीट बघून घ्या! काल ह्यो वारणेत आंघोळीला उतरला, आन भर चैतात सांगलीकरांनी सामान माडीवर चढवलं!"

हलगीवाल्याची काडी वरच राहिली. माझ्या डोक्याची कथा सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे हसावं की मला धरावं, कुणाला कळेना. डोक्यातल्या आवाजांपैकी एकजण कुजबुजला, बंद करणार बघ. त्याला म्हटलं, थांब जरा. आणि दादाच्या तोंडाकडे बघितलं.

दादाचं बोट बटणावर. मिशी थरथरत होती, रागानं की कशानं, कळत नव्हतं. मग त्यानं बोट उचललं, हाताचा भोंगा केला आणि माझ्याहून मोठ्यानं ओरडला, "आन साबण कुठला लावला रं?"

"साबण कुणाला पुरतोय, दादा? दोन गाड्या रिठं लागलं! फेस आजून कोल्हापूरच्या हद्दीत वाहतोय!"

मैदान फुटलं. पैलवान लांग धरून खाली बसला हसत, पंचांनी कुस्ती थांबवली. संध्याकाळपर्यंत माईक माझ्याच हातात होता, आणि काढून घ्यायची कुणाची टाप नव्हती.