धुराच्या दिवशी चाचीचं दार

आमच्या गावामागच्या डोंगरावर दर उन्हाळ्यात वणवा लागतो. कुणी म्हणतं जुनं गवत मुद्दाम पेटवलं, कुणी म्हणतं बांध जाळताना ठिणगी उडाली. पेटवणारा माणूस मात्र आजवर कुणाला दिसलेला नाही. धूर वाऱ्याबरोबर खाली उतरतो आणि आमच्या गल्लीत मुक्काम ठोकतो. मी गावची आशा सेविका, घरोघर आरोग्याची विचारपूस करणारी. त्यामुळं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर धूर मोजणारी पांढरी पेटी बसली, तेव्हा तिची राखण आपसूक माझ्याच गळ्यात पडली. पेटी लाल झाली की माझ्या फोनवर कळतं. मग मी देवळाच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून सांगायला लावते, धूर वाढलाय, दारं-खिडक्या लावून घरात थांबा.

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अख्खं गाव धूर बघायला रस्त्यावर आलं. शेजारच्या ईट गावाहून आलेला एक पाहुणा तर गच्चीवर चढून फोटो काढत होता. मी इतकी ओरडले, की धुरानं नाही पण ओरडून माझा घसा बसला.

माझा जीव खरा अडकला होता तो समोरच्या चाचीत. चाची एकटी राहते, तिला दमा आहे, आणि तिचं दार पहाटेच्या नमाजानंतर उघडतं ते दिवेलागणीपर्यंत उघडंच. जाणारी-येणारी बाई उंबऱ्यात टेकते, सुपारी कातरते, कुणाच्या तरी सुनेची उणीदुणी काढते आणि पुढं जाते. त्या दिवशीही चाची उंबऱ्यातच खोकत बसली होती.

"चाची, भोंगा ऐकला न्हाय का तुमी? दार लावा की!"

"दिवसाउजेडी दार लावू व्हय? लोकं म्हणतील, म्हातारीनं गल्लीशी बोलणं टाकलं."

तिचंही खोटं नव्हतं. आमच्याकडं दिवसा दार लागलं, की घरात भांडण झालंय किंवा पाहुणा नकोय, असाच अर्थ निघतो. मी तरी वाद घालत राहिले. शेवटी ती हळूच म्हणाली, "चाचा गेले तवा इद्दतीत बसले व्हते मी, चार महिने दहा दिवस घराभाईर पाऊल न्हाय. दार लोटलेलं असायचं. भाईर माणसं चालायची, आन मला नुसत्या चपला ऐकू यायच्या. आता न्हाय लावायची मी दार."

अशा वेळी काय सांगायचं, हे आशाच्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

पुढच्याच आठवड्यात डोंगर पुन्हा पेटला. चाचीचा श्वास असा कोंडला की ओठ काळेनिळे पडले. तिला जीपमध्ये घालून भूमच्या दवाखान्यात नेईपर्यंत मी तिचा हात धरून बसले होते, आणि सगळ्या वाटेनं तिच्यावरच चिडत होते. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा स्वभावच. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा धूर लागला तर अवघड आहे. चाची घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार सताड उघडं!

मग लाल दिवा पुन्हा लागला, तेव्हा मी भोंग्यावरचं बोलणंच बदललं. स्वतः माईक धरला आणि सांगितलं, "आमच्या गल्लीतल्या बायांनी आपापल्या चिंचा घेऊन चाचीच्या घरी यावं. सगळ्या आत आल्यावर दार लागंल. मागून येणारीनं कडी वाजवावी."

आमच्याकडं चिंचा फोडायला सोबत लागते, एकटीला कंटाळा येतो. बाया पाट्या डोक्यावर घेऊन आल्या, बौद्धवाड्यातल्या दोघी आमच्या गल्लीतल्या नसूनही आल्या. मी दार लावलं, फटीला ओलं फडकं कोंबलं. पत्र्याच्या घरात जीव उकडून निघत होता, पंखा नुसताच गरम वारा फिरवत होता, तरी चाचीच्या चेहऱ्यावरची भीती बघता बघता उतरली. कडी वाजली की तीच ओरडायची, "लवकर आत ये गं, आन दार लाव आधी! धूर आणतीस व्हय माझ्या घरात?"

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं.

दुपार कलली. खोकला नाही, दम्याचा पंप ओढणं नाही, चाची सगळ्यांच्या सुनांचा हिशेब घेत बसलेली. माझ्या फोनवर हिरवं आलं. वारा फिरला होता.

"चाची, धूर गेला. उघडू का दार?"

बाया पदर सावरून उठायला लागल्या. चाची मान खाली घालून म्हणाली, "एवढी पाटी होऊ द्या की."

तिच्या पाटीत एकही चिंच उरलेली नव्हती. मी फोन पदराखाली घातला आणि पुन्हा खाली बसले.