विवराच्या तळाशी पाय अडले तेव्हा

दोन वर्षं मी देवाशी बोलणंच टाकलं होतं. यांना पार्किन्सन असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापर्यंत अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या घरी रोज सकाळी दिवा लागायचा आणि पोळ्या लाटताना माझ्या ओठांवर रामनाम असायचं. पुढे दिवा सवयीने लागत राहिला, पण नाम तोंडी येईना. ज्या माणसाने सगळं आयुष्य पूल बांधण्यात घालवलं, तरुणपणी सह्याद्रीतले गड पालथे घातले, त्याच्या हातातला चमचा थरथरताना बघायचा आणि पुन्हा देवाचे गुण गायचे, हे मला जमत नव्हतं. राग होता मनात. कोणाला बोलून दाखवला नाही, एवढंच.

हवाईला जायचा हट्ट यांचाच. "पाय चालतायत तोवर ज्वालामुखी बघून येऊ. पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं?" मुलाने फोनवर "बाबा, इट्स नॉट सेफ" म्हणून बघितलं, पण डॉक्टर म्हणाले, चालणं यांच्यासाठी चांगलंच आहे. घरात कधीमधी दारातून जाताना पाय क्षणभर अडायचे, तेवढंच. मीही मग माझी भीती बॅगेत भरली आणि निघाले.

हवाईच्या सगळ्यात मोठ्या बेटावर एका विझलेल्या विवरात उतरणारी वाट आहे. आम्ही सकाळी लवकर निघालो. माणसापेक्षा उंच नेच्यांचं ओलं जंगल, मधूनमधून लाल फुलांची झाडं, आणि जंगल संपलं की एकदम समोर काळं मैदान. एके काळी इथे लाव्हाचं तळं उकळत होतं. आता ते थिजून तडकलं होतं आणि भेगांमधून वाफा निघत होत्या. वाट अशी नव्हतीच. थोड्या थोड्या अंतरावर दगडांचे ढीग रचलेले, ते बघत चालायचं. यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी असा खुलला होता. वाकून एका भेगेवर हात धरून म्हणाले, "बघ गं, अजून गरम आहे!"

मैदानाच्या मध्यावर पोचलो आणि धुकं उतरलं. पाठोपाठ पाऊस. समोरचा ढीग दिसेनासा झाला आणि त्याच क्षणी हे थांबले. मला वाटलं, दम लागला असेल. पण यांचे पाय जागचे हलेनात.

"अगं, चिकटलेत," हे म्हणाले. "मी एवढं पक्कं फाउंडेशन आयुष्यात घातलं नाही." हसायचा प्रयत्नही केला. मी हात धरून ओढलं, तर तोल जाऊन पडायलाच आले. फोनला सिग्नल नव्हता. यांना सोडून मदत आणायला जावं, तर धुक्यात परत सापडतील याची खात्री नव्हती. अंगातले कपडे भिजून गार पडत होते. त्या वेळी दोन वर्षांत पहिल्यांदा मी मनात बोलले. प्रार्थना नव्हती ती, भांडणच होतं. म्हटलं, इथवर आणलंस, आता बघ तूच.

थोड्या वेळाने बुटांचा आवाज आला. निळा रेनकोट घातलेली, माझ्याहून थोडी मोठी बाई, हातात काठी. यांच्याकडे एकदाच बघून तिने इंग्रजीत विचारलं, "पार्किन्सन?"

मी मान हलवली.

"माझ्या नवऱ्यालाही होता. ओढू नका. तुम्हाला गाता येतं? ठेका असलेलं काहीही. मेंदू चालायचं विसरतो, पण कधीकधी ठेका ऐकतो."

काहीही गा म्हटल्यावर मला काहीच आठवेना. गाणी, आरत्या, सगळं पुसल्यासारखं झालं. मग आपोआप, घोगऱ्या आवाजात तोंडून निघालं, "श्रीराम जय राम जय जय राम." ती बाई दगडावर काठी आपटत ठेका धरू लागली. मी टाळ्या वाजवत म्हणत राहिले. तिसऱ्या की चौथ्या आवर्तनाला यांचा उजवा पाय उचलला गेला. मग डावा. मी रडत होते, पण थांबायची सोय नव्हती, थांबले की पाय थांबतील.

ती पुढे चालत एकेक ढीग शोधायची आणि "इथे!" म्हणून हाक मारायची. आम्ही नाम घेत तिथवर पोचायचो. पलीकडच्या काठावरच्या पायऱ्या हे सहज चढले. पायऱ्या पुष्कळदा सोप्या जातात, हेही तिनेच सांगितलं. वर पोचल्यावर मी तिचे हात हातात घेतले, तेव्हा तिचेही डोळे भरले होते. "त्याला चर्चमधली गाणी आवडायची," एवढंच बोलून ती आपल्या गाडीकडे गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

ती आपल्यासारखीच माणूस होती, बुटांना चिखल लागलेली. ती त्याच वेळी तिथे का आली, याचा मी खल करत नाही. मी हात जोडते. यांचा आजार बरा झालेला नाही, बरा होणारही नाही. इतके दिवस मी देवाकडे पुढची सगळी वर्षं मागत होते आणि मिळत नाहीत म्हणून रुसून बसले होते. त्या दिवशी त्याने एक पाऊल दिलं, मग आणखी एक दिलं, आणि तेवढ्यावर आम्ही विवर पार केलं. आता सकाळी स्वयंपाकघराच्या दारात यांचे पाय अडले की मी कणकेच्या हाताने टाळी धरून नाम घेते.

"जरा जलद घे," हे दारातून आत येता येता म्हणतात, "चहा गार होतोय."