चट्टे लडकूला, चरबी दोघांना

दापोड्याचा लडकू गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. त्याला सोरायसिस आहे. कोपरांवर, पाठीवर लाल चट्टे उठतात, त्यांवर पांढरे पापुद्रे धरतात आणि गळतात. म्हणून तो काळा शर्ट घालत नाही. याहून जास्त किंमत त्याने आजाराला दिली नव्हती.

किंमत इतरांनी दिली. त्याची धाकटी बहीण मैना हिचं सासर पूर्णा गावात. तिच्या दिराच्या हळदीला सगळ्यांना स्टीलची ताटं आली, लडकूला कागदी पत्रावळ, तीही कोपऱ्यात. वाढणारी मैनाची सासू, गोदूबाई. लडकू जेवला, मटण बरं झालंय म्हणाला, आणि पुन्हा त्याने त्या घरात पाऊल ठेवलं नाही. मैना तेव्हा गप्प राहिली.

पुढे भिवंडीतल्या कातडीच्या डॉक्टरांनी, वनिताबाईंनी, त्याला रक्तातली चरबी तपासायला सांगितली.

"रोग चामडीला हाय, रक्त कशाला?"

"सोरायसिसवाल्यांच्या रक्तात चरबी वाढलेली पुष्कळदा सापडते."

सापडली. भरपूर. लडकू अंगाने काठी.

"मी तेलकट खात पन न्हाय," तो म्हणाला.

"सगळं खाण्यावर नसतं. आईबापांकडून आलेल्या जनुकांवरही असतं. वडील कशाने गेले?"

"छातीत कळ आली. टीव्हीवर मॅच बघत होते. चाळिशी पन झाली नव्हती."

"मग भावंडांचंही रक्त तपासा."

"एक बहीण हाय. तिची कातडी साफ हाय."

"कातडीवरून रक्त कळत नाही."

रविवारी लडकू पूर्णाला गेला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मैना, रक्त तपासून घे. बाबांचं रक्त तुझ्यात पन हाय."

गोदूबाई आतून म्हणाली, "म्हंजे तुझा रोग लागतो ना रं?"

"न्हाय लागत. हे बापाकडून येतं. तुम्हाला भ्यायचं कारण न्हाय."

मैनाने रक्त दिलं. तिची चरबी भावापेक्षाही जास्त निघाली. दवाखान्यात तिचा नवरा सुमित रिपोर्ट उलटासुलटा करून बघत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकाच आईबापांची मुलं असली तरी जनुकांचा वाटा सारखा येत नाही. याला चट्टे आले, तिला नाही, चरबी मात्र दोघांना आली. वेळेवर कळलं, दोघंही गोळी घ्या.

मैना बाहेर येऊन बाकावर रडली. मग म्हणाली, "दादूस, त्या हळदीत मी तोंड उघडायला पायजे होतं."

"गोळी रात्रीची हाय," लडकू म्हणाला. "इसरू नको."

आता दोघं एकाच दिवशी रक्त द्यायला येतात. मैनाचा आकडा खाली आला. लडकूचा अडून बसला, त्याची गोळी वाढवली. थंडीत चट्टे पुन्हा उठले. त्याचं लग्न झालेलं नाही आणि पाठीवर हात पोचत नाही, म्हणून मैना दापोड्याला येऊन मलम लावून जाते. गोदूबाईला तिने सांगितलं नाही, लपवलंही नाही.

"हलू लाव गं."

"गप बस," मैना म्हणते.